पाच-नऊ, काही बदलू नकोस

गुरुवार, ५ सप्टेंबर

१. संध्याकाळी सातला एयांग हार्सोयोंच्या रेडिओ स्टेशनवरून आमच्या हौशी क्लबची गुरुवारची हजेरी सुरू झाली.
२. माइकवर एयांग नव्हते. निकेन होती.
३. माझी पाळी आली. मी माझ्या स्टेशनची खूण सांगितली, नाव सांगितलं, वोनोसोबोत थंडी आहे आणि आकाश मोकळं आहे, एवढं बोलले.
४. निकेन (मला म्बाक म्हणते, म्हणजे ताई) म्हणाली, "म्बाक वेनिंग, शब्द छान कळतायत, पण मागे गुणगुण आहे. तुम्ही बोलायचं थांबलात तरी ती थांबत नाही. मी पाच-पाच देते हं, चालेल ना?"
५. क्लबची सगळी स्टेशनं ऐकत होती. कोणी हसलं नाही.
६. काहीतरी घासल्यासारखी खरखर झाली. मग एयांग स्वतः माइकवर आले. "पाच-नऊ, वेनिंग. पाच-नऊ. काही बदलू नकोस."
७. पुढचं स्टेशन.

एवढंच घडलं. क्रमाने लिहिलं म्हणजे उगाच वाढत नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

मला राग आलेला नाही.

पहिला आकडा शब्द किती कळतात त्याचा, पाचापैकी. दुसरा आकडा सिग्नलच्या जोराचा, नवापैकी. स्वच्छतेचा नाही! मागे गुणगुण आहे म्हणून दुसरा आकडा कमी करायचा नसतो. परवाना घेऊन चार महिने झाले नाहीत आणि हजेरी घेते आहे. चुकीची!

मी जलविद्युत केंद्रात मोजमापाच्या यंत्रांवर काम करते. कंट्रोल रूमचं अर्थिंग तपासून त्याखाली सही करते ती मी. आणि माझ्या मागे विजेचं हमिंग आहे, असं मला एक शाळामास्तरीण सांगणार. सगळ्या जिल्ह्यासमोर.

पण खरं सांगायचं तर ते नव्हे. ते माइक.

एयांगांच्या माइकला कोणी हात लावायचा नाही, हा त्यांच्या खोलीचा नियम. मी शाळेत असताना त्यांची अँटेनाची तार आमच्या कौलांवरून जायची. ही कसली तार, म्हणून विचारायला गेले, ती संध्याकाळपर्यंत तिथेच गुंडाळ्या गुंडाळत बसले. सोल्डर करायला त्यांनी शिकवलं, कान लावायला त्यांनी शिकवलं. क्लबात सगळे त्यांना एयांग म्हणतात, आपल्या घरच्या आजोबांना म्हणावं तसं, पण मला वाटायचं माझ्या तोंडी तो शब्द वेगळा आहे. तरीही त्या माइकला मी कधी हात लावला नाही. तो नियम मला आवडायचा. सगळ्यांना सारखा होता.

लेबारानच्या सणानंतर निकेन आली. आता दर गुरुवारी तिथेच असते म्हणे. मधल्या वारीही.

शुक्रवार, रात्री जेवणानंतर

एक राहिलं. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी क्लबचा वाढदिवस. भाताचा तुम्पेंग होईल, उंच टोकदार ढीग. एयांग त्याचा शेंडा कापून एकाच्या हातात देतील, आणि ज्याला देतील तो पुढे गुरुवारची हजेरी घेईल. हे कोणी मोठ्याने बोलत नाही. पण एयांग थकले, खुर्ची सोडणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ती खुर्ची मला हवी आहे. लिहून टाकलं.

शनिवार, ७ सप्टेंबर

तपासलं.

अँटेना काढून त्या जागी बंदिस्त भार जोडला, म्हणजे आवाज जगभर जाणार नाही, आणि जुन्या लहान रिसीव्हरवर स्वतःलाच ऐकलं. माइक दाबून गप्प बसले.

आहे! गूंऽऽ. भुंगा डबीत कोंडल्यासारखं. स्क्रीनवर आवाजाचा जो पट वरून खाली उतरत राहतो, आम्ही त्याला धबधबा म्हणतो, त्यावर माझ्या गप्प बसण्यात उभ्या रेघा. एकसारख्या अंतरावर, फणीच्या दातांसारख्या. दोन दातांत बरोबर शंभर हर्ट्झ.

म्हणजे ती बरोबर होती. आकडा चुकीचा, पण ऐकणं बरोबर.

लॅपटॉपचा चार्जर काढला. फणी अर्धी झाली, गेली नाही. लॅपटॉप आणि रेडिओ यांच्यामधली आवाजाची केबल उपसली. सगळं गप्प! म्हणजे रोग नेहमीचाच: रेडिओचं अर्थिंग एका वाटेने, लॅपटॉपचं दुसऱ्या, आणि केबलच्या जाळीने दोन्ही जोडून विजेला गोल फिरायला मैदान दिलेलं. हे मी कामावर नव्या मुलांना शिकवते. फळ्यावर चित्र काढून.

रेडिओला लॅपटॉप जोडून वर्ष होऊन गेलं. वर्षभर मी गूं करत होते. वर्षभर सगळ्यांनी मला पाच-नऊ दिले. एयांगांनीही! ज्यांनी मला कान लावायला शिकवलं त्यांनी. गुरुवारी तर ती सांगते आहे आणि हे म्हणतात, काही बदलू नकोस.

बदलायला मला जमणार नाही असं वाटलं का त्यांना?

रविवार, ८ सप्टेंबर

आवाजासाठीचे लहान ट्रान्स्फॉर्मर हवेत, दोन. एक जायच्या वाटेवर, एक यायच्या. तार तारेला न जोडता आवाज पलीकडे पोचतो, विजेचं गोल फिरणं तुटतं. एयांगांच्या डब्यात जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधले आहेत, मला डबासुद्धा माहीत आहे. गेले.

दार निकेनने उघडलं! "या ना म्बाक, या! एयांग आतच आहेत." स्वतःचं घर असल्यासारखी. पायात एयांगांच्या बायकोच्या जुन्या सपाता. ती बिचारी जाऊन किती वर्षं झाली, सपाता तशाच कोपऱ्यात असत.

खोली बदलली आहे. माइकशेजारी एक पांढरी पाटी आणि पुसायचं फडकं. आता इथे शिकवणीही चालते वाटतं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या खालच्या कडेला पिवळ्या टेपचे बारके तुकडे, ओळीने चिकटवलेले. ती बाई मुलांच्या वर्गात भिंती सजवते, तोच हात इथे फिरला. मी असते तर स्क्रीनला बोट लावलं नसतं. वाटलं, फिल्टरच्या खुणा असतील, पण फिल्टरच्या असत्या तर दोनच पुरे होत्या.

एयांग माझ्याकडे बघून खूप हसले. हात हातात घेतला. मी म्हटलं, "एयांग, ते एक्स्चेंजचे ट्रान्स्फॉर्मर आहेत ना, त्यातले दोन न्यायला आले."

ते म्हणाले, "बरी आहे ना? इबूला, तुझ्या आईला, माझा सलाम सांग."

मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा हसले. मग निकेन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, दोन बोटांनी काहीतरी लहानसं दाखवलं, आणि ते म्हणाले, "हां हां, ट्रान्स्फॉर्मर! घे ना, डबा तुला माहीत आहे." आणि मग एकदम कपाळाला आठी. "कशाला हवेत? तुझं स्टेशन चांगलं आहे. चालतंय ते राहू दे."

माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवायला आता तिची बोटं लागतात.

ट्रान्स्फॉर्मर घेऊन आले. चहा घेतला नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

कामावर दोन प्रेशर गेज बदलले. ट्रान्स्फॉर्मर बसवले. फणी पाऊण गेली. पाव आहे.

मंगळवार, १० सप्टेंबर

बाजारात ओंगक्लोक शेवयांच्या गाडीवर पाक बाग्यो भेटले. क्लबचे सेक्रेटरी; वडीलधाऱ्यांना आम्ही पाक म्हणतो. टायरचं दुकान, तोंड कायम चालू.

"काय वेनिंग, भुंगा पकडला का?"

"पाक, तुम्हाला ऐकू येत होता?"

"येत होता? अगं, माझ्या म्हातारीलाही येत होता! म्हणायची, ती पोरगी आली वाटतं, फ्रीज घेऊन."

"मग मला सांगितलं का नाहीत? दर वेळी पाच-नऊ, पाच-नऊ!"

पाक बाग्योंनी शेवयांत तळलेलं सोयाबीनचं तेम्पे बुडवलं आणि माझ्याकडे अशा दयेने पाहिलं! "बाळ, पाच-नऊ हा रिपोर्ट नसतो. कोणी रस्त्यात विचारतं ना, जेवलीस का? तसं आहे ते. माझ्या बायकोच्या सूपलाही मी पाच-नऊच देतो, म्हणून तर अजून घरात राहतोय. निकेन नवीन आहे, तिला रीत माहीत नाही. शिकेल."

"ती खरं बोलली."

"तेच म्हणतोय. शिकेल." मग पुढे वाकून, हळू आवाजात, "सोपं सांगतो. चार्जरच्या प्लगमधली अर्थिंगची तार काढून टाक. पक्कडीत धरायची, कट. भुंगा गेला! निम्म्या क्लबने तेच केलंय."

मी म्हटलं, "पाक, ती तार आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे. आमची इबू ओल्या हाताने त्याच टेबलावरून फडकं फिरवते."

"इंजिनियर!" ते गाडीवाल्याला म्हणाले. "हिला जरा तिखट जास्त दे."

उठता उठता त्यांनी विचारलंच. "रविवारचं काय वाटतं गं तुला? शेंडा कोणाला?"

मी म्हटलं, मला काही वाटत नाही.

ते म्हणाले, "हं. पाच-नऊ."

बुधवार, ११ सप्टेंबर

सापडलं. आणि जीव गेला लाजेने!

उरलेल्या फणीसाठी भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग मोजायला घेतलं. मीटरवर काहीच नाही. पुन्हा मोजलं. मग सॉकेट उघडलं. बाहेरून दोन बाजूंना अर्थिंगच्या चकचकीत पितळी पट्ट्या, आत मागे तारा दोनच. तिसरी नाहीच! वडिलांनी घर बांधताना सॉकेट चांगल्यातलं आणलं आणि तार नेहमीचीच ओढली. इतकी वर्षं मी त्या पट्ट्यांवर विश्वास ठेवला, कारण त्या दिसत होत्या. केंद्रात कोणी असं केलं असतं तर मी लाल पेनाने शेरा मारला असता.

सुट्टी टाकून दिवसभर काम केलं. जमिनीत ठोकलेल्या कांबीपासून एक जाड तार आत आणली. टेबलामागे तांब्याची पट्टी. रेडिओ, त्याचा पॉवर सप्लाय, लॅपटॉपचा चार्जर, सगळ्यांचं अर्थिंग त्या एका पट्टीवर, आणि ती पट्टी घराच्या मुख्य अर्थिंगला. एकच जागा, दुसरी वाट नाही. पॉवर सप्लाय माइकच्या केबलपासून हातभर लांब नेला.

इबू दारातून म्हणाली, "एवढं कोणासाठी चाललंय?"

मी म्हटलं, "मोजमापासाठी."

"मोजमाप कधी तुझ्या ताटात वाढतं, ते मला सांग." आणि गेली.

गुरुवार, १२ सप्टेंबर

पाचला शेवटची चाचणी. माइक दाबून गप्प बसले. पटावर काही नाही. एक रेघ नाही! धुऊन वाळत घातलेली चादर. माझ्या शब्दांच्या मधली जागा इतकी रिकामी असू शकते, हे मला माहीत नव्हतं. थोडा वेळ नुसती बघत बसले.

आज तिला पाच-नऊ म्हणावंच लागेल, आणि ते खरं असेल. आणि एयांग ऐकतील.

(पुढचं हजेरीनंतर.)

हजेरी एयांगांनी घेतली. माझी पाळी आली. मी खूण सांगितली, नाव सांगितलं. माइकचं बटण सोडलं.

मी कान लावून बसले.

मग एयांग, त्यांच्या पाहुण्यांसाठीच्या आवाजात: "नवीन स्टेशनचं स्वागत! जोर उत्तम, सिग्नल अगदी स्वच्छ. आपली खूण पुन्हा सांगाल का, मित्रा?"

मित्रा!

मी पुन्हा सांगितली. हळू. नाव दोनदा.

"कोण आपण? कुठून बोलता?"

वोनोसोबोतून, एयांग. तुमच्या मागच्या गल्लीतून. हे मी बोलले नाही. बटण दाबलंच नाही. मधे कोणीतरी माइक दाबून खो खो हसलं, पाक बाग्योच असणार: "आजोबांनी नातीला ओळखलं नाही!" मग निकेनचा आवाज, माइकपासून लांब, घाईत: "एयांग, एयांग, म्बाक वेनिंग आहेत त्या!" घासल्याची खरखर. आणि मग एयांग, आवाज एकदम उतरलेला:

"हं. वेनिंग. पाच-नऊ."

निरोप न घेता रेडिओ बंद केला. असं मी आजवर कधी केलं नाही.

माझं नाव मला त्या खोलीत तिच्याकडून मिळालं. चाळीस किलो तांबं आणि लाज उपसून हे मिळालं! (चाळीस नाही. दोन असेल. आज अचूक लिहायचं नाही.)

ओळखलं नाही की ओळखायचं नव्हतं? तिला डोक्यावर घ्यायचं तर मला आधी अनोळखी करायला हवं, असं आहे का?

शुक्रवार, १३ सप्टेंबर

निकेन आली. स्कूटरवरून, केळीच्या पानात गरम तेम्पे केमुल घेऊन. मी अंगणातच उभी राहिले. ती हेल्मेट काढून तशीच उभी. डोक्याचा रुमाल वाकडा झालेला.

"म्बाक, तुम्ही काल रेडिओ बंद केलात तो आवाज मी ऐकला."

"बंद होताना आवाज होत नाही."

"झाला," ती म्हणाली.

मग एकदम, आधी पाठ करून आल्यासारखं: "एयांगांना ऐकू येत नाही. एक कान आधीच गेला होता, लेबारानपासून दुसराही. काहीच नाही, म्बाक. मी शेजारी बसून पाटीवर लिहिते, कोण बोलतंय, काय म्हणतंय. ते वाचतात आणि उत्तर देतात. आमच्या शाळेतली मुलं अशीच आहेत, माझा भाऊ असाच आहे, म्हणून मला सवय आहे. ते शाळेत कानाच्या यंत्रांबद्दल विचारायला आले होते, तिथे ओळख झाली. क्लबला कळू देऊ नकोस म्हणाले. कळलं तर सगळे चांगुलपणाने खुर्ची काढून घेतील म्हणाले."

पाटी. बोटं. इबूला सलाम. सगळं जागच्या जागी बसलं, एका मागोमाग एक.

माणसाला यावर काय वाटायला हवं ते मला माहीत आहे. ते वाटलंही, पण नंतर. आधी जे वाटलं ते असं: त्यांनी गुपित तिला दिलं. मागच्या गल्लीत मी असताना. इतक्या वर्षांनंतर त्यांच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट तिच्या हातात, आणि माझ्या हातात पाच-नऊ.

मी विचारलं, "तू मला त्या दिवशी गुणगुण आहे म्हणालीस तेव्हा..."

"चिडले माझ्यावर! मी काय बोलले ते लिहून दाखवलं, तर पाटीच हिसकावून घेतली. 'तिला का सांगितलंस?' म्हणाले. मला वाटलं, रीत मोडली मी."

"आणि काल? माझं नाव लिहायला काय झालं होतं? मी दोनदा सांगितलं."

तिने खाली पाहिलं. "तुमच्या वेळी मी पेन उचलतच नाही, म्बाक. म्हणजे, गरजच..."

तेवढ्यात इबू आल्याचा चहा घेऊन बाहेर! "ही कोण? निकेन? अगोबाई, आवाजावरून मला वाटलं बाई उंच असेल! बस, बस. लग्न झालं का? शिक्षिका ना तू? आमच्या हिला जरा हसायला शिकव." मग शाळा, मग भाऊ, मग निकेनच्या आईची दातदुखी. संध्याकाळच्या नमाजाची वेळ झाली तशी निकेन उठली. जाताना दारात म्हणाली, "क्लबात मला सगळ्यात जास्त भीती तुमची वाटते." हसत म्हणाली, पण खरं म्हणाली.

तुमच्या वेळी मी पेन उचलतच नाही.

लिहायच्या लायकीचं काही बोलत नाही मी, असं असेल. थंडी आहे, आकाश मोकळं आहे. खरंच आहे की. तेम्पे मी खाल्लं नाही. इबूने खाल्लं, म्हणाली, हात चांगला आहे मुलीचा.

शनिवार, १४ सप्टेंबर

पाक बाग्योंचा निरोप: उद्या केळीची पानं तू आण. आणीन.

रविवार, १५ सप्टेंबर

तुम्पेंग पाक बाग्योंच्या दुकानामागच्या अंगणात. पिवळ्या भाताचा डोंगर, भोवती तळलेली कोंबडी, अंडी, शेंगांची उसळ. चटयांवर सगळा क्लब. एयांग चॉकलेटी बातिकच्या शर्टात. आज मला कळत होतं ते कुठे बघतात: ओठांकडे. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे आणि थोडं उशिरा हसायचे. इतरांना वाटत असेल, म्हातारपण. मी दोनदा मुद्दाम त्यांच्यासमोर बसून सावकाश बोलले. दोन्ही वेळा निकेन त्यांच्या उजव्या हाताला होती.

दुआ झाली. एयांगांनी सुरी घेतली. शेंडा कापला, पानावर ठेवला, वर कोंबडीचा तुकडा. अंगण गप्प. पाक बाग्योसुद्धा.

ते चटईवरून चालत आले. माझ्यासमोर थांबले.

थांबलेच! मी हात पुढे केले नाहीत, पण मांडीवर उलटे होते ते सुलटे केले. मला माहीत आहे, मी केले.

ते वाकून, अगदी हळू म्हणाले, "गुरुवारी तू दिसली नाहीस, वेनिंग."

"होते, एयांग. मी बोलले. माइकवर होते मी."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला लिहिता येत नाही. मोजलेलं नाही. मग ते सरळ झाले, दोन माणसं ओलांडून गेले, आणि पान निकेनच्या हातात दिलं.

"आता हजेरी हिची," ते म्हणाले. "हिचे कान चांगले आहेत."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. निकेन रडत होती. तिने शेंड्यातला घास मोडून आधी एयांगांना भरवला, मग उठून माझ्याकडे आली, पानासकट. मी म्हटलं, पोट भरलंय. भात अजून कोणाला वाढलाही नव्हता.

भांडी विसळताना ती शेजारी येऊन उभी राहिली. "म्बाक, लोक म्हणतात एयांगांच्या स्टेशनलाही थोडी गुणगुण आहे. मला काही कळत नाही त्यातलं. उद्या बघाल?"

नाही म्हणणार होते. खुर्ची तिची, गुणगुणही तिनेच काढावी. पण तोंडातून निघालं, "चार्जर काढून बघितलास का?"

"नाही."

"साडेपाचला येते."

सोमवार, १६ सप्टेंबर

एयांगांचं स्टेशन: केबलची जाळी सुटलेली. सोल्डर केली, गुणगुण गेली. एयांग आतल्या खोलीत झोपले होते.

चाचणीसाठी धबधबा चालू केला तेव्हा स्क्रीनच्या कडेचे ते पिवळे टेप समोर आले. पाच. नुसते सजवलेले नाहीत. वरच्या आकड्यांशी लावून पाहिले: तीनशे, चारशे, पाचशे, सहाशे, सातशे. दोन टेपांत बरोबर शंभर. तीनशेच्या खालचं त्यांचा फिल्टर कापतो.

माझी फणी!

मधल्या टेपवर पेन्सिलीने एक अक्षर आहे. एयांगांचं, मला त्यांचं अक्षर माहीत आहे. माझ्या नावाचं पहिलं.

निकेन मागून म्हणाली, "तेच सांगत होते मी शुक्रवारी. सगळ्यांची नावं मला पाटीवर लिहावी लागतात. तुमचं कधीच नाही. रेघा उमटल्या की तेच मला कोपर मारायचे, बघ, आली. मी पेन हातात धरून बसायचे नुसती." मग म्हणाली, "मला फार राग यायचा तुमचा."

घरी येऊन पाठवलेला निरोप इथे उतरवून ठेवते:

एयांग, हमिंग परत आणणार नाही, ते चूक होतं. पण माइक दाबला की बोलण्याआधी अर्धा सेकंद कॉम्प्युटरवरून पाच स्वर पाठवीन. तीनशे ते सातशे, तुमच्या टेपांच्या बरोबर वर. उद्या संध्याकाळी सहाला पाठवते. मी दिसते का ते बघा. पाच-नऊ नको, खरा रिपोर्ट हवा. बुधवारपर्यंत कळवा.